चाळीस मेल आणि एकही उत्तर नाही

प्रश्न: ताई, मी मिरजेची. मराठी माध्यमातून बी.कॉम. केलं आणि आता सांगलीत तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप करायची फार इच्छा आहे. दोन महिन्यांपूर्वी चाळीस ठिकाणी मेल पाठवला, एकाचंही उत्तर आलं नाही. घरात कुणी वकील नाही, कुठे ओळख नाही, मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लटक्या खटल्यात, कधी भाग घेतलेला नाही. इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळते. सध्या मिरजेच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे जाते, पण तिथे नुसतं फायली उचलणं आणि तारखा लिहिणं चालतं. पाठवलेला मेल आणि बायोडेटा सोबत जोडला आहे. माझं चुकतं कुठे? पूर्वी लोक सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करायचे म्हणे, ती अजून असते का? की आमच्यासारख्यांनी हे स्वप्न बघूच नये?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बघावं, जरूर बघावं. मी लातूरहून मुंबईला आले तेव्हा माझ्याही घरात कुणी काळा कोट घातलेला नव्हता. आज फोर्टमधल्या एका फर्ममध्ये जमिनीच्या व्यवहारांचं काम करते आणि आमच्या टीमकडे येणारे इंटर्नचे अर्ज मीच वाचते. त्यामुळे तुझा मेल मी तसाच वाचला, जसा सोमवारी सकाळी ऑफिसात वाचला असता.

त्यात व्याकरणाची चूक नाही. पण दुसऱ्या कुणा मुलीने लिहिलं नसतं असं एक वाक्यही त्यात नाही. 'मला कायद्याची आवड आहे, मी मेहनती आहे, आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी मिळावी.' हे आमच्याकडे रोज येतं. विषयाच्या जागी नुसतं 'इंटर्नशिप' लिहिलं आहेस. कोणत्या महिन्यात, किती आठवडे, कोणत्या टीममध्ये, काहीच नाही. अर्ज चाळणारा माणूस सगळ्यात आधी तारखा बघतो, कारण त्याला महिन्यामहिन्याच्या जागा भरायच्या असतात. ज्या अर्जात तारखा नाहीत तो 'नंतर बघू'मध्ये जातो, आणि ते नंतर कधी येत नाही. शिवाय तो चाळीसही जणांना एकदमच बीसीसीमध्ये गेला आहे, हे समोरच्याला लगेच कळतं. बऱ्याच मोठ्या फर्म मेलवर अर्ज घेतच नाहीत, वेबसाइटवरचा फॉर्म भरावा लागतो. तुझ्या चाळीसपैकी कितीतरी मेल कुणी उघडलेही नसतील. तेव्हा चाळीस जणांनी नाकारलं, असं मनात धरून बसू नकोस.

आता ज्या वाक्यासाठी मी तुझं पत्र निवडलं त्याकडे येते. 'तिथे नुसतं फायली उचलणं आणि तारखा लिहिणं चालतं.' पोरी, तुझ्या अर्जातला सगळ्यात मोलाचा भाग तू नुसतं-नुसतं म्हणून बाजूला टाकला आहेस, आणि बायोडेटात तर त्याचा उल्लेखही नाही.

तारखा लिहितेस म्हणजे रोजनामा, कोर्टात त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद, वाचतेस. दावा दाखल झाल्यापासून समन्स कधी निघालं, बेलिफाने काय अहवाल दिला, कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, कधी आली, मनाईच्या अर्जावर काय हुकूम झाला, हे तुला फायलीवरून सांगता येतं. नकलेचा अर्ज कुठे द्यायचा आणि नक्कल मिळायला काय लागतं, हे तुला ठाऊक आहे. मुंबईतल्या नामांकित कॉलेजांतून आमच्याकडे येणाऱ्या हुशार मुलांनी पाच-पाच मूट गाजवलेले असतात, पण प्रत्यक्ष दाव्याची फाईल पहिल्यांदा हातात आली की कुठून वाचायला सुरुवात करावी हे त्यांना कळत नाही. त्यांचा दोष नाही, कुणी दाखवलेलंच नसतं. तुला ते रोज दिसतं.

दुसरी गोष्ट तुझ्या मराठीची. पत्रभर तू मराठी माध्यमाबद्दल क्षमा मागितल्यासारखं लिहिलं आहेस. आमच्या टीममधला एक प्रसंग सांगते. एका कंपनीला पुण्याजवळ जमीन घ्यायची होती. आमचं काम टायटल तपासायचं, म्हणजे विकायला काढलेली जमीन खरंच विकणाऱ्याची आहे ना, हे मागच्या तीस वर्षांच्या आणि त्याहून जुन्या कागदांवरून पाहायचं. सातबारा, आठ अ, फेरफार म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, दुय्यम निबंधकांकडची सूची क्रमांक 2 म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी. सगळं मराठीत, अर्धं हाताने लिहिलेलं. आमच्याकडे तेव्हा पंढरपूरकडचा एक इंटर्न होता, तुझ्यासारखाच बुजरा. त्याला मी फेरफारांचा गठ्ठा दिला आणि इंग्रजीत तक्ता करायला सांगितलं.

1978 सालच्या एका फेरफाराने वडील वारल्यावर तीन भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन ताब्यात असणाऱ्यांच्या रकान्यात, लागली होती आणि दोन बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात गेली होती. पुढच्याच वर्षीच्या फेरफाराने बहिणींची नावं कमी झाली. शेरा होता, 'वर्दी व जबाबावरून'. बाकी सगळ्यांनी ते 'बहिणींनी हक्क सोडला' असं एका ओळीत उरकलं असतं. या मुलाने तिथे थांबून विचारलं, 'मॅडम, हक्कसोडपत्र कुठे आहे? नोंदवलेलं?' ते नव्हतंच. स्थावर मालमत्तेतला हक्क नुसत्या तोंडी जबाबाने सुटत नाही, आणि फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे, ती महसूल कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. हे त्याने कुठल्या जाड पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याच्या घरी आत्याच्या नावावरून हेच घडलं होतं. आम्ही व्यवहार थांबवला. बहिणींचे वारस शोधले, आणि शेवटी खरेदीखतात ते 'मान्यता देणार' म्हणून सह्या करून गेले. त्या मुलाने अर्ध्या पानाची नोंद इंग्रजीत लिहिली होती. इंग्रजी साधं होतं, दोन ठिकाणी चुकलंही होतं. ते दुरुस्त करायला मला पाच मिनिटं लागली. त्याने जे पाहिलं ते त्यालाही दिसलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते.

महाराष्ट्रात जमिनीचं काम करणाऱ्या प्रत्येक फर्मला असा माणूस लागतो. 'भोगवटादार वर्ग 2' दिसल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न ज्याच्या मनात आपोआप येतो, 'कुळकायदा कलम 43 ला अधीन' हा विक्रीवर बंधन सांगणारा शेरा ज्याच्या नजरेतून सुटत नाही, असा. म्हणून मोठ्या फर्मच्या रिअल इस्टेट टीम आणि फक्त जमीनजुमल्याचं काम करणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या मध्यम फर्म, इथून तू सुरुवात कर. कंपन्यांच्या विलीनीकरणाचं काम करणाऱ्या टीमला तुझ्याकडून आज काय मिळणार, हे तुलाही सांगता येणार नाही. ते पुढे शिकशील.

मेल पुन्हा लिही. विषयाच्या ओळीत महिना, आठवडे आणि टीम: 'ऑगस्टमधील चार आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज, रिअल इस्टेट'. आत फक्त पाच-सहा ओळी. मी अमुक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि 3 ते 28 ऑगस्ट मोकळी आहे. मिरजेच्या दिवाणी न्यायालयात अमुक महिने काम करते आहे, वाटपाच्या दोन दाव्यांत सातबारा आणि फेरफारांवरून तारखांची यादी केली. मराठी महसुली कागद वाचून इंग्रजीत गोषवारा करू शकते, नमुन्याचं एक पान सोबत जोडलं आहे. बस. अर्थात हे सगळं खरं असलं पाहिजे. अजून तशी यादी केली नसशील तर आधी कर, मग लिही. नमुना जोडताना पक्षकारांची नावं, गावाचं नाव, गट क्रमांक सगळं काढून टाक आणि वकीलसाहेबांची परवानगी घे. ते न काढता पाठवलंस तर तुझा अर्ज त्याच क्षणी बाद करणारी मी पहिली असेन, कारण जी मुलगी एका पक्षकाराचे कागद असे वाटते ती आमच्या पक्षकाराचेही वाटेल.

बायोडेटा तर पूर्ण बदल. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, छंद, खाली 'वरील सर्व माहिती सत्य आहे' आणि सही: हे सगळं काढ. एक पान ठेव. वर शिक्षण, मग काम, मग बाकीचं. कामाखाली 'विविध प्रकरणांत सहाय्य' असं लिहू नकोस. काय केलं ते क्रियापदासकट लिही: रोजनाम्यावरून घटनाक्रम लावला, कलम 138 च्या (न वटलेल्या चेकच्या) नोटिशीचा मसुदा केला, नकला काढल्या. कॉलेजच्या विधी सेवा शिबिरात गेली असशील तर तेही येऊ दे.

चाळीस ठिकाणी एकसारखा अर्ज करण्यापेक्षा आठ ठिकाणी नीट कर. त्या फर्मची ती टीम काय काम करते ते वाचून एक वाक्य त्यांच्यासाठी म्हणून लिही. मोठ्या फर्मला चार ते सहा महिने आधी, मध्यम फर्मला दोन-तीन महिने आधी. मे-जून आणि डिसेंबरला देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची मुलं एकदम येतात, तेव्हा गर्दी असते. इतर महिन्यांत तुझं कॉलेज हजेरीत सवलत देत असेल तर तो मोठा फायदा आहे, आधी प्राचार्यांशी बोल. कोर्टाचं काम पाहायचं असेल तर मे महिना टाळच. उच्च न्यायालयाला सुट्टी असते, फक्त सुट्टीतलं खंडपीठ बसतं. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा, एकदाच, नम्र आठवण पाठव.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप लागते (पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20), आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. तेव्हा मुंबईलाच सगळं पणाला लावू नकोस. तुझ्या दारात तर आता मोठी सोय झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सांगली-साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचे सहा जिल्हे तिथे आहेत. मिरजेहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येईल. तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या एखाद्या वकिलांकडे चार आठवडे काढ. खालच्या कोर्टातली फाईल वर गेल्यावर कशी दिसते, अपील मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, काय येतं, हे पाहिलंस की पुढच्या अर्जात लिहायला आणखी दोन ओळी मिळतील.

इंग्रजीचं सांगते. फर्मचं काम बोलण्यापेक्षा लिहिण्यावर चालतं, आणि ते लिहिणं जितकं साधं तितकं चांगलं. तुला नवं इंग्रजी शिकण्याइतकंच तालुका कोर्टातलं जुनं, अर्ज-विनंतीचं इंग्रजी विसरायचं आहे. रोज उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवरून दोन-तीन पानांचा एक हुकूम उतरव. कोण आलं, काय मागितलं, कोर्टाने काय दिलं, का दिलं, हे पाच वाक्यांत लिही. मग मोठ्याने वाच. दोन महिने केलंस तर मुलाखतीच्या फोनला तुझी जीभ अडणार नाही, निदान कामाबद्दल बोलताना तरी. तो फोन बहुधा दहा-पंधरा मिनिटांचाच असतो. विचारतात ते बायोडेटातलंच, आणि करार कायद्यातलं एखादं मूलभूत: रद्द आणि रद्द होण्याजोगा करार यात फरक काय, कलम 124 ची इंडेम्निटी आणि 126 ची गॅरंटी यात फरक काय. आलं नाही तर 'आत्ता माहीत नाही, बघून सांगते' म्हण. आणि खरंच बघून मेलवर कळव. असं करणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटतात, आणि ती लक्षात राहतात.

आता निवड झाली असं धरून चालू.

पहिल्या दिवसापासून वही आणि पेन हातात असू दे. काम सांगितलं की ते आपल्या शब्दांत परत सांग: 'म्हणजे मला या तीन करारांतली समाप्तीची कलमं शोधून तक्ता करायचाय, उद्या अकरापर्यंत, बरोबर?' अर्धे घोटाळे इथेच टळतात. हे कशासाठी हवं आहे, तेही विचार. कोर्टात दाखवायचं आहे की पक्षकाराला नुसतं सांगायचं आहे, यावर काम बदलतं. नोंद लिहिताना उत्तर पहिल्या दोन ओळींत दे, कारणं खाली, आणि प्रत्येक निवाड्याचा परिच्छेद क्रमांक दे. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा या निवाडे शोधायच्या वेबसाइटवर तो निवाडा पुढे फिरवला गेला आहे का, ते न चुकता तपास. फौजदारी काम आलं तर गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा की नंतरचा हे आधी बघ, त्यावर जुनी दंडसंहिता की भारतीय न्याय संहिता हे ठरतं. एआयकडून निवाडे मागवून तसेच चिकटवू नकोस. नसलेले निवाडे ते बिनदिक्कत देतं. जो निवाडा स्वतः उघडून वाचला नाही तो नोंदीत यायला नको. पक्षकाराचा कागद अशा कुठल्याही बाहेरच्या साधनात टाकायचा नाही, लोकलमध्ये त्यावर बोलायचं नाही, त्याचा फोटो काढायचा नाही.

मुंबईच्या जुन्या फर्ममध्ये मॅनेजिंग क्लार्क असतात. फायलिंग खात्यात कोणती हरकत निघेल, पानांना क्रमांक कसे द्यायचे, आजच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, आपली मॅटर किती वाजता पोहोचेल, हे ते नुसत्या अनुभवाने सांगतात. त्यांना मान दे, त्यांच्यासोबत एकदा खात्यात जा. मिरजेच्या कोर्टात वावरलेली असल्याने त्यांची भाषा तुला लगेच कळेल.

आणि चूक झाली तर? माझी सांगते. मी शिकाऊ असताना एका वसुलीच्या दाव्यासाठी तारखांची यादी केली होती. शेवटचं पैसे भरल्याचं वर्ष टाइप करताना मी चुकले, आणि दावा मुदतीबाहेर दिसू लागला. तीन वर्षांची मुदत, आणि माझ्या यादीप्रमाणे पाच वर्षं उलटलेली. रात्री खोलीवर सहज कच्ची वही चाळताना ते दिसलं. तोवर पानांना क्रमांक पडून प्रती बांधल्या गेल्या होत्या. रात्रभर झोप नाही. सांगावं की न सांगावं, कुणाच्या लक्षात आलं नाही तर, असे सगळे विचार येऊन गेले. सकाळी साडेआठला जाऊन दारातच सिनियरना सांगितलं. त्यांनी पान पाहिलं, क्लार्कना हाक मारली, पान बदललं, आणि मला म्हणाले, 'यादी पुन्हा मूळ कागदांवरून तपास, वहीवरून नको.' एवढंच. त्या आठवड्यात त्यांनी मला पहिल्यांदा स्वतंत्र काम दिलं. आज माझ्याकडचा इंटर्न चूक घेऊन येतो तेव्हा मला तो दरवाजा आठवतो.

पैशाचं आणि राहण्याचं आधीच स्पष्ट विचार. काही फर्म विद्यावेतन देतात, बऱ्याच देत नाहीत. 'स्टायपेंड आहे का' हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. मुंबईत महिनाभर राहण्याचा खर्च झेपणारा नसेल तर पहिली फर्म पुण्याची निवड. आणि कामाच्या ठिकाणी कुणाचं वागणं खटकलं तर इंटर्न आहे म्हणून गप्प बसू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ऑफिसात तक्रार समिती असावीच लागते. तिची नावं भिंतीवर लावलेली असतात, पहिल्या दिवशीच वाचून ठेव.

आर्टिकलशिप अजून आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा घेते, त्याआधी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं काढावी लागतात. वकिली करायला ती सक्तीची नाही आणि परीक्षा कठीण आहे, पण मुंबईत तिला अजून मान आहे, विशेषतः जमिनीच्या कामात. तिचा विचार तिसऱ्या वर्षी कर. आत्ता नको.

आत्ता सोमवारी वकीलसाहेबांना विचार की निकाली निघालेल्या वाटपाच्या दाव्याची एखादी फाईल आठवडाभर त्यांच्याच ऑफिसात बसून वाचू द्याल का. तिच्यातल्या फेरफारांचा एक पानाचा इंग्रजी तक्ता कर, नावं झाक, आणि नव्या मेलसोबत मला पाठव. लाल पेनाने दुरुस्त करून परत देईन.